वेगमर्यादेच्या आत

दंडाची नोटीस आली तेव्हा दार वहिनींनी उघडले. आप्पा गच्चीवर पाण्याच्या टाकीचा कॉक बदलत होते आणि त्यांची पत्नी माई स्वयंपाकघरात भांडी लावत होती. आप्पांचे थोरले भाऊ दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, जाऊन महिना उलटला होता. रिकाम्या घरात दुपार सरत नाही म्हणून वहिनी बहुतेक दिवस दिराकडे येऊन बसत. पाकिटावरचा वाहतूक विभागाचा शिक्का पाहून त्या धास्तावल्या आणि दुसऱ्याचे टपाल आपण फोडू नये हा जन्माचा संकोच बाजूला ठेवून त्यांनी ते फोडले.

आप्पा खाली आले तेव्हा त्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. पंख्याच्या वाऱ्याने उडेल या भीतीने त्यांनी नोटिशीवर दोन्ही हात सपाट ठेवले होते.

"भाऊजी, साठच्या रस्त्यावर सत्त्याऐंशी?"

"कोण?"

"तुम्ही! दुसरं कोण? गाडी तुमची, नंबर तुमचा. आणि तारीख बघा."

आप्पांनी हात पुसले, चष्मा लावला आणि तारीख पाहिली. दादा गेले ती दुपार. खाली रस्त्यावरच्या कॅमेऱ्याने टिपलेली दोन छायाचित्रे छापलेली होती, टपालाच्या तिकिटापेक्षा थोडी मोठी. त्यांत आप्पांची राखाडी गाडी मागच्या बाजूने दिसत होती.

"तुम्ही कधी पिवळ्या दिव्यालासुद्धा गाडी पुढे काढली नाहीत," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी जन्मभर तुमची त्यावरून थट्टा केली. आणि त्या दिवशी तुम्ही..." पदराने डोळे टिपून त्या म्हणाल्या, "खरं सांगू? रोज पडल्या पडल्या एकच विचार यायचा. आपण आणखी लवकर निघालो असतो, आणखी लवकर गेलो असतो, तर ह्यांची नजर तरी भेटली असती. आता कळलं. माणसाच्या हातात जेवढं होतं तेवढं तुम्ही केलंत. आता मला झोप लागेल."

आप्पांना या वाक्याला काहीतरी उत्तर द्यायचे होते. ते म्हणाले, "चहा टाकायचा का, वहिनी?"

आप्पांनी तंत्रनिकेतनातून पदविका घेतली आणि निवृत्तीपर्यंत एका इंजिनांच्या कारखान्यात मापन विभागात नोकरी केली. कारखान्यातली सगळी मापे, सगळे दाबमापक आणि तापमापक ठरावीक काळाने त्यांच्या खोलीत येत. बरोबर निघाले तर हिरवा ठिपका, चुकीचे निघाले तर लाल. लाल ठिपक्याचे उपकरण कोणी कितीही गळ घातली तरी आप्पा पुन्हा कामावर जाऊ देत नसत. साहेबांचा फोन आला तरी नाही, आणि माल खोळंबला तरीही नाही. तोच स्वभाव घरी येई. भिंतीवरचे चित्र ते पाणसळ लावून टांगत. दादांनी त्यांचे नावच "पाणसळ" ठेवले होते. "आमच्या धाकट्याचा बुडबुडा मधोमध आल्याशिवाय तो जेवायलासुद्धा बसत नाही," असे ते पाहुण्यांना सांगत आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसत. दादांचे सगळे उलट होते. ते जिने दोन दोन पायऱ्यांनी उतरत, गाडी सुटता सुटता पकडत आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा दुसऱ्या दिवशी देत.

ती दुपार आप्पांना पुरती पाठ होती. आठवडाभर वहिनी रुग्णालयाच्या खुर्चीत बसून होत्या. त्या सकाळी डॉक्टर म्हणाले, आज बरे आहे; तेव्हा मुलीने आईला आंघोळीला आणि घटकाभर झोपायला घरी धाडले. आप्पांनीच त्यांना आणून सोडले आणि ते बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत थांबले. मग पुतणीचा फोन आला. "काका, आईला घेऊन लगेच या. बाबा तिला विचारताहेत."

वहिनी ओल्या केसांनी गाडीत बसल्या. मागच्या आसनावर बसून त्यांनी पुढच्या आसनाच्या पाठीला कपाळ टेकवले आणि डोळे घट्ट मिटले. "भाऊजी, जरा लवकर," एवढेच त्या म्हणाल्या. "जातोय, वहिनी," आप्पा म्हणाले. काटा साठच्या किंचित खाली होता आणि तिथेच राहिला. त्या दिवशी बाजार बंद होता. रस्ता मोकळा पडला होता. एका चौकात लाल दिवा लागला. ओलांडणारे कोणी नव्हते, तरी आप्पा थांबले. "आलं का?" वहिनींनी डोळे न उघडता विचारले. "नाही, सिग्नल आहे." पुढच्या लांब सरळ रस्त्यावर एक पांढरी व्हॅन सणसणत त्यांच्या उजवीकडून पुढे गेली. कशी चालवतात माणसे, असे आप्पांच्या मनात आले होते. आपण मनाशी नेमके असेच म्हटले होते, हेही त्यांना आठवत होते.

वॉर्डाच्या दारात पुतणी उभी होती. "आत्ताच," ती म्हणाली. "आई, आत्ताच गं. दाराकडे बघत होते."

नोटीस आल्यापासून वहिनी खरोखरच झोपू लागल्या. जेवण दोन घास वाढले. आल्यागेल्याला त्या ही हकीकत सांगत. दुधवाल्याला सांगितली, इस्त्रीवाल्याला सांगितली. समोरच्या बाई काही विचारायला आल्या होत्या, त्यांनाही उभे ठेवून सांगितली. "आमच्या भाऊजींना सरकारनं दंड केलाय," असा त्या आरंभ करत, आणि एखाद्याला मानपत्र मिळाल्याचे सांगावे तसा त्यांचा सूर असे. आप्पा शेजारी असले की चष्मा काढून पुसू लागत.

"भरून टाका आणि विषय मिटवा," माई म्हणाली. वहिनी नुकत्याच घरी गेल्या होत्या.

"रीडिंग चुकीचं आहे, माई. मी सत्त्याऐंशीनं गेलोच नव्हतो."

"ते मला सांगता? घराला आग लागली तरी तुम्ही चपला घालून, कुलूप लावून निघाल. पण वहिनींना ते ठाऊक नाही ना? मग राहू दे की."

"चुकीचं ते चुकीचंच. तो कॅमेरा असाच चालू राहिला तर उद्या आणखी कुणाला..."

"त्याचं तो बघेल. तुम्ही त्या कॅमेऱ्याचे कोण लागता?"

कॅमेऱ्याचे कारण खोटे नव्हते, पण पुरतेही नव्हते. वहिनींनी रागावून दोन शब्द सुनावले असते तर त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतले असते. न केलेल्या कामाचे आभार रोज ऐकणे मात्र त्यांना जमेना. ज्या उपकरणाची तपासणी आपण केलीच नाही त्यावर आपली सही दिसावी, तसे त्यांना होई. वहिनींच्या तोंडावर खरे सांगण्याचे धैर्य त्यांच्यापाशी नव्हते. नोटीस खोटी ठरली तर ते आपोआप मिटेल, आणि तेही आपल्या तोंडून नव्हे, कोर्टाच्या तोंडून, असा काहीसा हिशेब त्यांच्या मनात होता. तो त्यांनी स्वतःपुढेही कधी नीट मांडला नाही. बाकी सगळे मात्र नीट मांडले.

त्यांनी वाहतूक विभागाकडून छायाचित्रांच्या मोठ्या प्रती मागवल्या. दोन छायाचित्रांमध्ये अर्ध्या सेकंदाचे अंतर होते. पहिल्यात पांढरी व्हॅन आप्पांच्या गाडीच्या जवळपास बरोबरीला होती; दुसऱ्यात ती चांगली पुढे गेली होती. तेवढ्या वेळात कोण किती पुढे सरकले हे कळले की वेग कळणार होता, आणि ते मोजायला रस्त्यावर आखलेले पांढरे पट्टे होतेच.

रविवारी सकाळी, रहदारी सुरू होण्याआधी, आप्पा आणि माई त्या सरळ रस्त्यावर जाऊन उभे राहिले. आप्पांच्या हातात लांब टेप होती. माईने नेहमीप्रमाणे तिचे शून्याचे टोक धरले होते.

"लग्न झाल्यापासून हे टोक माझ्याच हातात आहे," ती म्हणाली. "खोल्या मोजल्या, पडदे मोजले, फ्रिज आत जाईल का ते मोजलं. रस्ता तेवढा राहिला होता."

"हलू नकोस."

"हलत नाहीये. तिकडून माणूस येतोय, त्याला वाटेल आपण रस्ता विकत घेतोय."

तो माणूस खरोखरच थांबला आणि म्हणाला, "रुंदीकरण आहे का हो? आमचं घर जाणार का?" माईने त्याला हसत वाटेला लावले.

आप्पांना मात्र हसू आले नाही. पट्टा मोजून झाला होता, आकडा मिळाला होता आणि त्या आकड्याबरोबर दुसरे एक गणित त्यांच्या डोक्यात आपसूक मांडले गेले होते. ते त्यांनी मागितले नव्हते. घरापासून रुग्णालयापर्यंतचे अंतर त्यांना माहीत होते. साठने लागलेला वेळ माहीत होता. आपल्यावर ज्या वेगाचा आरोप आहे त्याच वेगाने आपण खरोखर गेलो असतो, तर? उत्तर आले. वॉर्डाच्या दारात उभ्या असलेल्या पुतणीचा "आत्ताच" हा शब्द त्या उत्तराच्या अलीकडे पडत होता की पलीकडे, हेही त्यांना कळले. टेप गुंडाळताना त्यांचा हात थांबला.

"काय झालं?" माईने विचारले.

"काही नाही. टेप अडकली."

कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दिवशी पुतणीचा फोन आला. "काका, आई उद्या कोर्टात येणार म्हणते. तुमच्या बाजूनं सांगायला."

"त्यांना कशाला त्रास? मी एकटा जाईन."

"मीही तेच म्हटलं. ऐकत नाही. म्हणते, गाडीत मीच होते, साक्षीदार मीच." पुतणीने आवाज खाली आणला. "काका, एक सांगू? त्या नोटिशीनं आईला सावरलंय. बाबांच्या फोटोसमोर बसून ती रोज त्यांना तेच सांगते, की तुमचा पाणसळ त्या दिवशी कसा सुटला होता. तुम्ही उद्या काय ते बघा, पण तेवढं तिच्याकडे राहू द्या."

"बघतो," आप्पा म्हणाले.

कोर्टात जाताना वहिनी पुढच्या आसनावर बसल्या होत्या. त्यांनी इस्त्रीची साडी नेसली होती आणि काय सांगायचे ते त्या पुटपुटत होत्या. आप्पांनी वाटेत एकदा घसा साफ केला. "वहिनी, मी तिथं जरा वेगळ्या पद्धतीनं मांडणार आहे."

"मांडा की. तुमचं पुस्तकी, माझं साधं. दोन्ही होऊ दे."

गाडी वळणावर आली होती. आप्पांनी वळण घेतले, आरसा पाहिला, वेग कमी केला. वळण संपले तेव्हा वहिनी पुन्हा पुटपुटू लागल्या होत्या.

वाहतूक न्यायालय म्हणजे एक लांबट खोली होती. समोर उंचावर मॅजिस्ट्रेट बाईंचे टेबल, बाजूला वाहतूक विभागाचा अधिकारी, मागे बाके. खिडकीतला कूलर बंद होता आणि त्याच्या जाळीत कोणीतरी वर्तमानपत्र खोचून ठेवले होते. आप्पांच्या शेजारी एक टॅक्सीवाला बसला होता. त्याने आप्पांच्या मांडीवरची, रस्त्याच्या मापांच्या ड्रॉइंगची गुंडाळी पाहिली, मग त्यांच्याकडे पाहिले.

"काका, कितीनं?"

"सत्त्याऐंशी म्हणताहेत."

"बघून वाटत नाही हो!"

"मीही तेच म्हणणार आहे."

वहिनी आप्पांच्या पलीकडून वाकल्या. "भाऊ मरणाच्या दारात होते ह्यांचे. म्हणून."

टॅक्सीवाला सरळ होऊन बसला. "मग तर काळजीच नको, ताई. बाई कडक आहेत, पण माणूस बघतात. सरळ सांगा. माझी पंचाईत आहे, मला सांगायला घरात कुणी आजारीसुद्धा नाही."

त्याचा पुकारा आधी झाला. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, उतार होता."

"त्या रस्त्यावर उतार नाही."

"मग मला वाटला असेल, मॅडम."

बाकांवर हशा पिकला. बाईही किंचित हसल्या आणि त्यांनी दंड कायम केला. टॅक्सीवाला मुकाट्याने जाऊन भिंतीशी उभा राहिला. पुढचे कसे होते ते पाहण्याची त्याला उत्सुकता असावी.

आप्पांचा नंबर आला. ते पुढे गेले, पाठोपाठ वहिनीही गेल्या. "आपण कोण?" बाईंनी विचारले.

"ह्यांची भावजय. त्या दिवशी गाडीत मी होते." वहिनींनी कठड्याला धरले. पाठ केलेले सगळे त्या विसरल्या असाव्यात. जे बोलल्या ते सरळ बोलल्या. "माझे यजमान शेवटच्या घटकेला होते, मॅडम. मुलीचा फोन आला की या. हे माझे दीर. हे आयुष्यात कधी नियमाबाहेर गेले नाहीत. मोकळ्या गल्लीतसुद्धा हॉर्न वाजवून वळणारा माणूस आहे हा. पण त्या दिवशी माझ्यासाठी गेले. आम्ही पोचलो नाही ती गोष्ट वेगळी. पण ह्यांनी कसूर केली नाही. दंड करायचाच असेल तर मला करा. मीच म्हटलं होतं, लवकर चला."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे खरं आहे?" त्यांनी आप्पांना विचारले. "त्या दिवशी आपले बंधू..."

"हो, मॅडम. त्याच दुपारी."

"मग हे आपण आधीच लिहून कळवायला हवं होतं. अशा प्रसंगी कायद्यात सवलत आहे. आपल्याला पूर्वी कधी एकही दंड झालेला नाही, हेही मला दिसतंय. तातडीच्या कारणानं वेग वाढवावा लागला, एवढं आपण मान्य करा. मी तसं नोंदवते आणि दंड माफ करते."

अधिकाऱ्याने मान डोलावली. त्याचीही काही हरकत नव्हती. वहिनींनी आप्पांकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत न दिसलेले काहीतरी होते. त्याला समाधानच म्हणावे लागेल. आप्पांनी फक्त "हो" म्हणायचे होते.

त्यांना ते कळत होते. पुतणीचे बोलणे त्यांच्या कानात होते, माईचेही होते. तरी त्यांचे बोट गुंडाळीच्या रबरबँडखाली कधी गेले ते त्यांना कळले नाही. समोर एक आकडा होता, तो चुकीचा होता, आणि तो बरोबर आहे असे आपण म्हणावे असे कोणीतरी सांगत होते. असे सांगणारे त्यांना नोकरीभर भेटले होते, आणि त्यांना द्यायचे उत्तर जिभेवर तयार असे. त्या उत्तराला विचार लागत नसे.

"मॅडम, मला सवलत नको," आप्पा म्हणाले. "मी वेगमर्यादा ओलांडलेली नाही."

वहिनी त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. पुढचे सगळे आप्पांनी ठरवल्याप्रमाणे पार पडले. त्यांनी मोठी केलेली छायाचित्रे टेबलावर पसरली, शेजारी ड्रॉइंग ठेवले आणि शांतपणे समजावले. माझ्या गाडीची लांबी साधारण चार मीटर. सत्त्याऐंशीचा वेग असता तर अर्ध्या सेकंदात ती आपल्या लांबीच्या तिप्पट पुढे गेली असती. इथे पट्टे पाहा. ती फक्त दुप्पट पुढे गेली आहे. तिप्पट पुढे गेली आहे ती ही व्हॅन. यंत्राने वेग व्हॅनचा घेतला आणि नंबर माझा.

अधिकारी टेबलाशी आला. त्याने खिशातून पट्टी काढून छायाचित्रावर स्वतः मोजले, पुन्हा एकदा मोजले आणि मोकळेपणाने म्हणाला, "बरोबर आहे, मॅडम. दोन गाड्या एका वेळी आल्या की असं होऊ शकतं. आमच्याकडून बघायचं राहिलं."

"म्हणजे यांचा वेग किती होता?"

"साठच्या आतच, मॅडम. सत्तावन्न-अठ्ठावन्न धरा."

मॅजिस्ट्रेट बाई लिहू लागल्या, मग थांबल्या. त्यांची नजर आप्पांवरून वहिनींकडे गेली आणि तिथे जरा रेंगाळली. त्यांना काहीतरी बोलायचे असावे. पण ते कोर्टाच्या कामात बसणारे नसावे.

"नोटीस रद्द," त्या म्हणाल्या. "त्या कॅमेऱ्याची तपासणी करून अहवाल द्यावा. आपण येऊ शकता."

भिंतीशी उभा असलेला टॅक्सीवाला दारापर्यंत आला. "जिंकलात, काका! मी पहिल्यांदा कुणाला जिंकताना पाहिलं इथं." आप्पांनी त्याला हात जोडले.

बाहेरच्या व्हरांड्यात वहिनी थांबल्या. "ते फोटो दाखवता जरा?"

आप्पांनी छायाचित्रे दिली. नोटिशीवर ती लहान होती आणि वहिनींनी तेव्हा आकड्यापलीकडे काही पाहिले नव्हते. आता त्यांनी ती हात लांब करून, उजेडात धरली. दुसऱ्या छायाचित्रात पुढे निघून गेलेली पांढरी व्हॅन, मागे राखाडी गाडी, गाडीच्या मागच्या काचेतून पुढे वाकलेल्या एका पाठीची सावली आणि त्यांच्यापुढे चित्राच्या कडेपर्यंत गेलेला रस्ता.

"इतका मोकळा होता?" वहिनींनी विचारले.

"बाजार बंद होता त्या दिवशी."

"हो. मंगळवार होता." त्यांनी छायाचित्रांच्या कडा जुळवल्या आणि ती परत केली. "मला वाटत होतं, खूप गर्दी आहे. हॉर्न ऐकू येत होते. माझ्याच कानात असतील."

गाडीशी आल्यावर आप्पांनी पुढचे दार उघडून धरले. वहिनींनी मागचे दार उघडले आणि त्या मागे बसल्या.

गाडी रस्त्याला लागली. आप्पांनी आरशात पाहिले. वहिनींनी डोळे मिटले नव्हते. त्या पुढच्या दोन आसनांच्या मधून रस्त्याकडे आणि मधूनमधून वेगाच्या काट्याकडे पाहत होत्या. काटा चाळीसवर होता. हा रस्ता चाळीसचा होता.

"वहिनी," आप्पा म्हणाले, "मला तिथं... ते तसं म्हणायला नको होतं."

"खरंच सांगितलंत ना? मग झालं."

पुढच्या चौकात दिवा लाल होता. गाडी थांबली. रस्ता ओलांडायला एक बाई आली, तिच्या मागे एक सायकल.

"भाऊजी, एक विचारू?" वहिनींचा आवाज अगदी साधा होता, भाजी कशी दिली असे विचारावे तसा. "त्या दिवशी आपण त्या व्हॅनवाल्यासारखे गेलो असतो, तर पोचलो असतो का?"

आप्पांकडे उत्तर तयार होते. रस्त्यावर टेप हातात असताना ते आले होते आणि तेव्हापासून एकदाही पुसले गेले नव्हते. मिनिटांसह, सेकंदांसह होते.

"नाही, वहिनी," ते म्हणाले. "तरीही नसतो पोचलो."

दिवा हिरवा झाला. आप्पांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि पुढे काढली. वहिनी अजून थांबल्या होत्या. त्या घरात सून म्हणून आल्यापासून त्यांनी या दिराला असंख्य गोष्टी विचारल्या होत्या. गाडी किती वाजता येईल, टाकी किती वेळात भरेल, पडद्याला कापड किती लागेल. प्रत्येक वेळी आप्पांनी आकडा सांगितला होता. नुसते हो किंवा नाही त्यांनी कधी सांगितले नव्हते. वहिनी आकड्याची वाट पाहत होत्या.

आप्पांनी तो सांगितला नाही. सांगण्यासारखा दुसरा, खोटा आकडा त्यांना वेळेवर सुचला नाही. तशी सवयच नव्हती.

"बरं," वहिनी म्हणाल्या. त्या मागे टेकून बसल्या आणि त्यांनी मान खिडकीकडे वळवली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "इथंच सोडा मला. इथून चालत जाईन."

"घर अजून दोन गल्ल्या पुढं आहे, वहिनी."

"माहीत आहे. सोडा इथंच."

आप्पांनी आरशात पाहिले. मागे एकही वाहन नव्हते. तरी त्यांनी आधी इंडिकेटर दिला, तो थोडा वेळ टिकटिकू दिला आणि मग गाडी हळूहळू कडेला घेतली.